गिरणीनंतरचं दार

त्या रविवारी अक्कानं मैदानाच्या मध्यावर घोडी थांबवली. मी घोडागाडीच्या मागच्या पायरीवर उभा होतो. तिनं मला वाट विचारली. मी उत्तर दिलं नाही. घंटा वाजली. आम्ही मैदानाबाहेर आलो. त्यानंतर तिनं लगाम हातात घेतला नाही.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. गेल्या श्रावणात ती गेली. तिच्याविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण माझं लिहिणं सावकाश चालतं. एका आठवड्यात एक परिच्छेद झाला तरी पुष्कळ. कदाचित हे लिहिलंही नसतं. पण मागच्या महिन्यात डोळे दाखवायला बेंगळुराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये जावं लागलं. डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्या आणि दोन तास वाचू नका म्हणून सांगितलं. बाहेर आलो तर सगळं पांढरं. रस्ता, झाडं, माणसं, सगळ्यांवर कुणी पातळ चुना फिरवल्यासारखं. सावली शोधत भिंतीच्या कडेनं चालताना गुडघा लोखंडाला लागला, म्हणून हात पुढे केला.

ती आमच्या जुन्या घोडागाडीची मागची पायरी होती. बोटांनी चाचपली. उजव्या कडेला जिथं पत्रा आत दबलेला असायचा तिथं तो दबलेलाच होता. माझ्याच टाचेनं दबलेला. नवा रंग दिला होता, बैठकीवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या होत्या, आणि मागे एक मोठं हॉटेल होतं. मुलंमुली गाडीपुढं उभी राहून फोटो काढत होती. दारावरच्या पहारेकऱ्यानं मला विचारलं, "अंकल, फोटो निकालूँ?" मी नको म्हणालो. हात मात्र पायरीवरून काढला नाही. त्यानं एक खुर्ची आणून दिली. मी बसलो. रंगाच्या वासाखाली कुठंतरी एरंडेलाचा वास असेल म्हणून नाक जवळ नेलं. नव्हता.

साजाच्या चामड्याला एरंडेल चोळायचो, त्याचा वास हा आमच्या पहाटेचा वास. दुसरा वास शिजलेल्या हुरळीचा. हुरळी म्हणजे कुळीथ. बेंगळुरातल्या आमच्यासारख्या जुन्या घरांत कुळीथ कुणी म्हणत नाही. यशवंतपूरच्या बाजारात बाबांचं धान्याचं दुकान होतं आणि त्यांची निम्मी विक्री घोडेवाल्यांना होई. लहानपणी आम्ही दोघं पोत्यांवर बसून अभ्यास करायचो. स्टेशनाकडून जटके, म्हणजे टांगे, यायचे, दुकानासमोर थांबायचे, घोड्यांच्या तोंडाला तोबरे बांधले जायचे, आणि त्या पिशव्यांच्या आतून येणारा चावण्याचा आवाज ऐकत अक्का पाढे म्हणायची. मी पुस्तकात असायचो. ती घोड्यांत असायची. पुढे जटके गेले, बाबा गेले, दुकान अक्कानं चालवलं. लग्नानंतर दोन वर्षांत ती परत आली होती. का आली, हे घरात कुणी विचारलं नाही, आणि मीही ते इथे लिहीत नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच.

आमच्या मराठी मंडळाचा बाजारामागे एक हॉल आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मंडळानं कधीकाळी एक घोडागाडी घेतली होती. वर्षातून एकदा ती निघायची. उरलेले दिवस तिच्यात शेजारच्या कोंबड्या बसायच्या. तिचा साज दुरुस्त करायला शिवाजीनगरहून मस्तानसाब यायचे. ते पूर्वी जटका हाकायचे, जटके बंद झाल्यावर चामड्याचं काम करू लागले. त्यांनीच एकदा सांगितलं की शहराबाहेर घोडागाडी हाकण्याच्या स्पर्धा होतात, क्लबांचे संघ उतरतात, तुमच्याकडं गाडी आहे तर नुसती कोंबड्यांना का देता? समितीतले लोक हसले. अक्का तेव्हा पन्नाशीला आली होती. ती हसली नाही. गाडी कोण हाकणार, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी. आणि मागं बाबू उभा राहील. त्याला न बोलता उभं राहायची सवय आहे."

बाबू म्हणजे मी.

असा संघ झाला. पुढे आणखी एक गाडी आली, ती केशवअण्णा हाकायचे. केशवअण्णांचं खिळे-कुलपांचं दुकान होतं, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. दोन्ही गाड्यांचे गुण मिळून संघाचे गुण धरायचे. आमची घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली होती. पहिल्या दिवशी तिला पळ म्हटलं तर ती थोडी पळाली, थांब म्हटलं तर थोडी थांबली. केशवअण्णांनी नाव विचारलं. अक्का म्हणाली, "सगळं स्वल्प स्वल्प करते, हिचं नाव स्वल्पा." तेच राहिलं.

गुरुवारी आणि रविवारी सकाळी साडेपाचला आम्ही हॉलमागच्या शेडमध्ये पोचायचो. खराऱ्याचा खरखर आवाज, स्वल्पाचं फुरफुरणं, दुधाच्या गाड्यांच्या क्रेटचा खणखणाट. अक्का साज चढवायची आणि मी प्रत्येक बक्कल पुन्हा तपासायचो, पुस्तकांवर शिक्के तपासावेत तसा. मग रिकाम्या रस्त्यावर टापांचा आवाज. त्या वेळी बाजाराच्या बंद शटरांवरून तो आवाज परत यायचा, आणि असं वाटायचं की आपल्या मागून आणखी एक गाडी येते आहे. मी वळून पाहायचो. कुणी नसायचं.

मस्तानसाब सरावाच्या मैदानाच्या कडेला स्टुलावर बसून शिकवायचे. ओरडत नसत. अक्का लगाम खेचायची तेव्हा ते उठून जवळ येत आणि तिच्या मुठीवर दोन बोटं ठेवत. "हात से नको खींचो बेटी, उंगली से बोलो. वो सुनती." पन्नाशीच्या बाईला बेटी म्हणणारे तेवढेच एक उरले होते. अक्का बोटांनी बोलायला शिकली. मी मागे उभा राहून ते पाहायचो. करंगळी हलली की स्वल्पाचा डावा कान मागे यायचा.

माझं काम भाराचं. गाडी वळताना मागच्या माणसानं आतल्या बाजूला झुकायचं, नाहीतर बाहेरचं चाक उचलतं. मी भीतभीत झुकायचो. अक्का मागे न पाहता म्हणायची, "स्वल्प अजून झुक. पुस्तकात वाकतोस तेवढा तरी." केशवअण्णा लांबून म्हणायचे की अक्का, त्याच्या खिशात एक शब्दकोश ठेवा, आपोआप झुकेल.

स्पर्धेत तीन भाग असत. मला फक्त शेवटच्या भागाबद्दल लिहायचं आहे. मैदानात शंकूंच्या वीस जोड्या मांडलेल्या असतात. प्रत्येक शंकूच्या डोक्यावर एक चेंडू. दोन शंकूंमधलं अंतर गाडीच्या चाकांपेक्षा जेमतेम वीतभर जास्त. त्यातून दौडत गाडी काढायची, ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेळात. चाक घासलं की चेंडू पडतो आणि गुण जातात. क्रम चुकला की फेरी बाद. या जोड्यांना आम्ही दारं म्हणायचो. दारांवर आकडे असतात, पण ते अगदी जवळ गेल्यावर दिसतात आणि तोवर वळायची वेळ गेलेली असते. म्हणून क्रम पाठ लागतो.

आणि नियम असा की या फेरीत मागच्या माणसानं वाट सांगायची नाही. तोंडानं नाही, हातानं नाही. सांगितली तर फेरी बाद.

मला या नियमाचं काही वाटलं नव्हतं. मी तीस वर्षं 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसून नोकरी केली होती.

क्रम पाठ करायला फेरीआधी मैदानात पायी फिरू देतात. बाकीचे कागदावर नकाशे काढत. अक्का कागद घेत नसे. ती हात पुढे धरून, मुठीत नसलेला लगाम पकडून, तोंडानं टकटक करत चालायची. लोक पाहून हसत. मी शेजारून चालायचो. ती प्रत्येक दाराला आमच्या बाजारगल्लीतली एकेक जागा द्यायची. पहिलं दार नेहमी आमचं दुकान. मग वजनकाटा लावलेली वखार, मग कॉफीपूड दळणारा, मग बांगडीवाला, मग बेकरी. बाराव्या जागी शेट्टींची पिठाची गिरणी. तेराव्या जागी पिंपळ, ज्याच्या खाली नागाचे दगड आहेत आणि त्यांना बायका हळद लावतात. विसावं दार म्हणजे स्टेशन. मैदान कुठलंही असो, शंकू कसेही मांडलेले असोत, अक्का आमच्या गल्लीतूनच जायची. लहानपणी शाळेतून घरी येताना आम्ही रोज त्या गल्लीतून चालायचो. तिला ती डोळे मिटून येत होती. तिच्यामुळे मलाही.

पहिल्या फिरण्यात ती नावं मोठ्यानं घ्यायची, दुसऱ्यात पुटपुटायची, तिसऱ्यात गप्प. तिसऱ्या फिरण्यानंतर ती म्हणायची, "सरी, आली गल्ली." सरी म्हणजे कानडीत ठीक. मग आम्ही गाडीकडं जायचो.

दहा-अकरा वर्षांत आमची एकही फेरी निर्मळ झाली नाही. एक चेंडू पडायचाच. कधी बेकरीचा, कधी वखारीचा. अक्का त्यावर हळहळत नसे. म्हणायची, "देवाला एक ठेवावा लागतो." मस्तानसाब वारले त्या वर्षी दोन पडले. तेव्हा ती म्हणाली की दुसरा त्यांचा.

मग एके सकाळी शेडमध्ये हुरळी करपली. तिचा वास कपड्यांना दोन दिवस येत होता. नंतर एकदा स्वल्पाची झापडं उलटी बसवलेली मला सापडली. मी ती काढून नीट लावली आणि बक्कलं तपासू लागलो. एका स्पर्धेत तिसऱ्या फिरण्यानंतर अक्का म्हणाली, "अजून एकदा जाऊ या." चौथ्या फिरण्यात तिनं लगामाचे हात पुढे धरले नाहीत. तिचा एक हात माझ्या शर्टाच्या बाहीला होता. कॉफीवाल्यापाशी तो घट्ट झाला. ती बेकरी म्हणाली, मग स्वतःच नाही म्हणाली, मग बांगडीवाला म्हणाली. मी हो म्हणून मान हलवली. त्या दिवशी फेरी पार पडली, एक चेंडू पडला, आणि घरी येताना ती बसमध्ये खिडकीबाहेर पाहत राहिली. मी पुस्तक उघडून बसलो होतो. एकही पान उलटलं नव्हतं.

त्या रविवारी थंडी होती. मैदान शहराच्या उत्तरेला, कडेला निलगिरीची झाडं. पानांचा तो औषधी वास, ओल्या गवताचा वास, आणि कुणाच्यातरी स्टोव्हवर उकळणारी कॉफी. केशवअण्णांची फेरी चांगली झाली होती. एकच चेंडू. आमची तशी झाली तर संघ पहिल्यांदाच पहिल्या तीनांत येणार होता. केशवअण्णा लांबून दोन्ही हात वर करून उभे होते. ओरडायला मनाई, म्हणून नुसतेच हात.

अक्कानं सुरुवात छान केली. दुकान, वखार, कॉफी. स्वल्पाची चाल त्या दिवशी स्वल्प नव्हती. मी झुकत होतो, पुरेसा झुकत होतो, कारण अक्का काही बोलत नव्हती. बेकरी गेली. दारामागून दार मागे पडत होतं आणि एकही चेंडू पडला नव्हता. अकरावं गेलं. बारावं गेलं. 

बारावं दार ओलांडल्यावर अक्कानं घोडी थांबवली.

प्रथम वाटलं, साजाचं काही सुटलं. मग दिसलं की ती आजूबाजूला पाहते आहे. मान सावकाश डावीकडून उजवीकडं फिरत होती, अनोळखी स्टेशनावर उतरलेल्या माणसाची फिरते तशी. चारही बाजूंना शंकू, सगळे सारखे. स्वल्पानं दोन्ही कान मागे केले. ती बोटांची वाट पाहत होती. अक्का मागे वळली नाही. अगदी हळू, घरात विचारावं तसं तिनं विचारलं,

"गिरणी झाली. आता कुठं रे, बाबू?"

पिंपळ. डावीकडं, कुंपणाजवळचा. मला तो दिसत होता. शब्द जिभेवर होता. मी दांडीला धरलेल्या हातांकडं पाहत राहिलो. बोललो तर फेरी बाद होईल. बोललो तर पंचांना, केशवअण्णांना, सगळ्या मैदानाला कळेल की अक्काला आठवत नाही. थांबलो तर कदाचित तिचं तिला आठवेल. असं मी स्वतःशी म्हणत होतो. वेळ संपल्याची घंटा वाजली. फेरी तशीही बाद झाली. बोलून जे गेलं असतं ते न बोलताही गेलं. फक्त तिला उत्तर मिळालं नाही. हा हिशेब मला तिथं कळला नाही. दुसऱ्या दिवशी चहा करताना कळला.

झाडाखाली आम्ही साज उतरवला. केशवअण्णा जवळ आले, स्वल्पाच्या मानेवर थोपटलं, होतं असं कधीकधी, म्हणाले आणि कॉफी आणायला गेले. अक्का पट्टा सोडत होती. सोडता सोडता थांबली.

"तुला ठाऊक होतं का रे? गिरणीनंतरचं?"

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं अशी पाहत होती की बाबा गेले त्या दिवशीही तिनं तसं पाहिलं नव्हतं.

"नाही, अक्का," मी म्हणालो. "मीही विसरलो."

तिनं पट्टा सोडला. मग तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं आणि ती हसली. "मग बरं. मला वाटलं, मलाच काहीतरी व्हायला लागलंय." तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. "म्हातारा झालास बाबू. पुस्तकांनी डोकं भरून टाकलंय तुझं, गल्लीला जागा कुठं राहणार?"

पुढच्या गुरुवारी समितीच्या बैठकीत तिनं सांगून टाकलं की यापुढे ती गाडी हाकणार नाही. बाबूला आता आठवत नाही, म्हणाली. चालत्या गाडीवरून एखाद्या दिवशी पडायचा. आणि त्याच्याशिवाय मागं दुसरं कोणी तिला चालणार नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. बैठकीनंतर केशवअण्णांनी मला बाजूला घेतलं आणि एकेक शब्द सुटा करून, बहिऱ्याशी बोलावं तसं, सांगितलं की काही लागलं तर त्यांना फोन करायचा. नंबर कागदावर लिहून माझ्या खिशात ठेवला. तो नंबर मला पंधरा वर्षं पाठ होता.

संघ हळूहळू मोडला. स्वल्पा होसकोटेकडच्या एका शेतावर गेली आणि तिथंच दोन पावसाळ्यांनी संपली. शेडमध्ये आता दुचाक्या उभ्या असतात. गाडी कुणीतरी कुणालातरी दिली असं ऐकलं होतं. कुणाला, ते मी विचारलं नव्हतं.

अक्कानं माझी काळजी घ्यायला सुरुवात केली. घरभर माझ्यासाठी चिठ्ठ्या लावल्या. 'बाबू, गॅस बंद कर.' 'बाबू, नळ बघ.' 'बाबू, किल्ली घेतलीस?' दुकानातल्या पुड्यांवर लिहायची त्याच टपोऱ्या अक्षरात. रोज सकाळी ती त्या मोठ्यानं वाचायची, मला ऐकू जावं म्हणून, आणि वाचून झालं की गॅस बंद करायची, नळ बघायची, किल्ली घ्यायची. मी प्रत्येक वेळी विसरलो होतो म्हणायचो. ती समाधानानं मान हलवायची.

संध्याकाळी आम्ही गल्लीतून फिरायचो. आमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. वखार नाही, बांगडीवाला नाही. गिरणीच्या जागी चार मजले आहेत. तिथवर आलं की अक्का थांबायची. बाही धरायची. "आता कुठं?" मी म्हणायचो, "पिंपळ, अक्का." पिंपळ अजून आहे, नागाचे दगड आहेत. ती दगडांना बोट लावायची आणि हळदीचं बोट माझ्या शर्टाला पुसायची. तीन वर्षं रोज तिनं विचारलं आणि रोज मी सांगितलं. मैदानात जे एकदा द्यायचं राहिलं होतं ते मी हजारदा दिलं. तरीही ते एकदा राहिलंच आहे.

शेवटच्या महिन्यांत तिला माझं नाव यायचं, पण मी कोण ते नेहमी यायचं नाही. तशात एका दुपारी केशवअण्णा भेटायला आले. तिनं त्यांना लगेच ओळखलं. जवळ बोलावलं. मी दाराशी उभा आहे हे तिच्या लक्षात नव्हतं.

"अण्णा, माझ्यामागं बाबूकडं लक्ष ठेवा. त्याला आठवत नाही हो. मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही, त्याला वाईट वाटेल."

केशवअण्णांनी डोळे पुसले आणि ठेवतो म्हणाले.

एचएसआर लेआउटमधल्या त्या खुर्चीत बसून मी डोळ्यांवरचा पांढरा पडदा उतरायची वाट पाहिली. हळूहळू गाडीचा रंग दिसू लागला. पोपटी. आमची काळी होती. फोटो काढणाऱ्यांतल्या एका मुलीनं बैठकीवरची कुंडी बाजूला करून तिथं बसता येतं का पाहिलं, आणि पहारेकऱ्यानं तिला उतरवलं. मी खुर्ची परत दिली, बस पकडली आणि घरी आलो.

केशवअण्णा अजून शब्द पाळतात. मंडळाचा काही कार्यक्रम असला की आदल्या दिवशी फोन येतो, त्या दिवशी सकाळी पुन्हा येतो. "उद्या हळदीकुंकू, लक्षात आहे ना? हॉल कुठं आहे ठाऊक आहे ना?" मी आहे म्हणतो. कधी त्यांना बरं वाटावं म्हणून, विसरलोच होतो म्हणतो. खरं सांगावं असं दोनतीनदा ओठांवर आलं. पण ते सांगायचं तर त्या रविवारचं तिचं विसरणं सांगावं लागेल, आणि ते तिचं आहे.

घरात मी एकटा आहे. भिंतींवर तिच्या अक्षरातल्या चार चिठ्ठ्या आहेत. गॅसवरची वाफेनं पुसली गेली. बाकीच्या तीन अजून वाचता येतात.